वरच्या खोलीतली वाळू

कांदुलांग, बोहोल, फिलिपिन्स
११ जानेवारी १९८७

प्रिय दोंग पिद्यो, माझ्या बाळा,

तुझी नाताळची टेप पोचली. सालुद आणि मी रेकॉर्डर मध्ये ठेवून बसलो होतो, जणू तूच जेवायला बसलायस. पण तू एवढा ओरडून का बोलतोस? सालुद म्हणाली, "जपानहून नुसत्या गळ्यानं हाक मारतोय वाटतं." मी म्हटलं, माझा भाचा आहे, गळा मावशीवर गेलाय.

त्या ओसाकातल्या रेकॉर्डिंगच्या खोलीबद्दल तू जे सांगितलंस ते मी पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. जमिनीच्या फळ्यांखाली वाळू भरलेली. वर ड्रम बडवतायत आणि खालच्या मजल्यावरचा दुकानदार शांतपणे भात खातोय. आणि मग तुझं वाक्य: "तिया, अशी एक खोली आपल्या घरी असती तर मी उद्या परत आलो असतो." तू सहज बोलून गेला असशील. पण शाळेत मी इतकी वर्षं मुलांना हेच शिकवत आले की तोंडातून गेलेलं वाक्य म्हणजे दिलेला शब्द. तेव्हा मी ठरवलंय. खोली बांधायची.

आपली वरचीच खोली घेऊ. तुझी आई त्याच खोलीत वारली. बिस्किटाच्या डब्यांवर काठ्या बडवायला तू त्याच खोलीत शिकलास. सालुदचा पलंग अजून बरोबर तिच्या खाली आहे आणि झाडूचा दांडाही तोच आहे. तू काठ्या उचलल्यास की खालून छताला ठक ठक. तुला वाटायचं, मोठ्या मावशीला आपण नको आहोत. अरे, तिला तू हवा होतास, फक्त तिची अर्धशिशी तिला सोडत नव्हती. अजूनही सोडत नाही. म्हणून तर वाळू. तू वर वाजव, तिला खाली झोपू दे. दोघांचंही खरं आहे, आणि दोन खऱ्या गोष्टी एका छपराखाली राहायच्या तर मध्ये काहीतरी घालावं लागतं.

परवा सोसायटीच्या सभेत मी यावर बोलले. म्हटलं, गरिबाच्या घराला भिंत नसते, पडदा असतो. शेजाऱ्याचा खोकला, शेजाऱ्याचं भांडण, शेजाऱ्याची डुकरं, सगळं आपल्या ताटात. शांतता ही पैसेवाल्यांनी कुंपण घालून ठेवलेली जमीन आहे. आणि आपण काय करतो? आधी साखर बाहेर पाठवली, मग खोबरं पाठवलं, आता मुलं पाठवतो. आपली मुलं परक्या हॉटेलांत परक्यांच्या लग्नांत वाजवतात, आणि आपल्या फिएस्ताच्या सणाला आपण लाउडस्पीकर भाड्यानं आणतो. मग सेक्रेटरी म्हणाला, "मॅम, आजचा विषय खताचा आहे."

हसू नकोस. त्या खोलीची जमीन कशी करतात ते नीट सांग. टेपवरच सांग, म्हणजे नोय तिबूला ऐकवता येईल. सुतार आहे, पण वाचायला लागला की त्याला झोप येते.

तुझी,
तिया बियाना

*

ओसाका
८ फेब्रुवारी १९८७

प्रिय तिया बियाना,

आशीर्वादासाठी तुझा हात माझ्या कपाळाला, आणि तिया सालुदचाही.

खोलीची घाई करू नकोस. मी ते बोलण्याच्या भरात बोललो होतो. माझं इथलं काम कधी संपेल ते सांगता येत नाही. पण तुला मी ओळखतो. तू ठरवलंस म्हणजे उद्या नोय तिबू दारात उभा. म्हणून लिहितो, नाहीतर तो वरची खोली खालच्या खोलीत आणून ठेवेल.

जुन्या फळ्या काढू नका. त्यांच्यावर जाड डांबरी कागद पसरा, कोपऱ्यात वर दुमडून, म्हणजे वाळू फटींतून तिया सालुदच्या उशीवर पडणार नाही. कागदावर लाकडी पट्ट्यांची चौकट करा, खिडकीच्या गजांसारखी. चौकटींत वाळू भरायची आणि पट्ट्यांच्या कडेपर्यंत सपाट करायची. पट्ट्यांवर रबर, जुन्या टायरचं चालेल. त्यावर नवी फळी. एक नियम नोय तिबूच्या डोक्यात ठोकून बसव: वरच्या फळीचा खिळा खालच्या तुळईपर्यंत जाता कामा नये. खिळा खाली पोचला की आवाजही त्याचा हात धरून खाली उतरतो. नवी जमीन भिंतीलाही टेकता कामा नये. ती वाळूवर तरंगली पाहिजे, पाण्यात होडी असते तशी.

वाळूला फार वजन असतं. तुळया तुगासच्या पक्क्या लाकडाच्या आहेत, कुजलेल्या नाहीत, तरी खालून टेकू द्या.

माझा रेकॉर्डर बिघडलाय. टेप पाठवू नकोस. पत्रच लिही, तुझं अक्षर बघितलं की शाळेतला फळा आठवतो. इथे बर्फ पडतंय. बर्फ पडताना अजिबात आवाज येत नाही, तुला माहीत होतं का?

तुझा,
पिद्यो

*

कांदुलांग
२६ एप्रिल १९८७

प्रिय दोंग,

ज्या देशात जगभरचे रेकॉर्डर तयार होतात त्या देशात तुझा एक दुरुस्त होत नाही. बरं. मी लिहीन. पण लिहिताना माझे हात बांधल्यासारखे वाटतात. मला उभं राहून बोलायची सवय.

काम सुरू झालं. नोय तिबू पहिल्या दिवशी हातोडीऐवजी कोंबडा घेऊन आला. म्हणे नव्या कामाला रक्ताचे चार थेंब पडल्याशिवाय तो खिळा मारणार नाही. मी म्हटलं, "तिबू, विसावं शतक संपत आलं." तो म्हणाला, "मॅम, शतक संपतं, घर पडतं ते पडतंच." मी चांगलं लांबलचक समजावलं. तेवढ्यात सालुदनं मागच्या मागे कोंबडा कापला, थेंब चारी कोपऱ्यांना लावले आणि उरलेला शेवग्याचा पाला घालून शिजवला. माझं बोलणं संपलं तेव्हा रस्सा तयार होता. मीही जेवले.

टेकू म्हणून माडाचे खांब सालुदच्या खोलीत उभे केलेत. एक थेट तिच्या उशाशी. ती सगळ्या शेजाऱ्यांना बोलावून दाखवते, "बघा, भाच्यासाठी मी माडांच्या बनात झोपते." कुरकुर करते, पण खांबावर तिनं सांता रिताची तसबीर टांगलीय.

वाळूचा प्रश्न मिटला. आपल्या दारात समुद्र असताना वाळू दुसरीकडून आणायला आपण काय डोंगरात राहतो? नोय तिबू म्हणतो, समुद्राची वाळू म्हणजे देवानं हजार वर्षं चाळलेली, एक खडा मिळणार नाही. ओहोटीला आम्ही टोपल्यांनी आणली. पांढरीशुभ्र, तुझ्या लहानपणीची, जिच्यात तू खेकड्यांची भोकं बुजवायचास. सालुद तेवढी नाही म्हणत होती. "समुद्राची वस्तू घरात नेली की समुद्र ती मागायला येतो." मी तिला सांगितलं, समुद्रानं आपला मुलगा नेलाय, आता थोडी वाळू आपल्याकडे राहिली तर हिशेब अजून त्याच्याच बाजूनं आहे.

तू कोणती गाणी वाजवतोस? पूर्वी प्रत्येक पत्रात गाण्यांची नावं असायची. मागच्या पत्रात नुसतं बर्फ.

तिया बियाना

*

ओसाका
१७ मे १९८७

प्रिय तिया,

हे पत्र धावतपळत लिहितोय. समुद्राची वाळू नको. तिच्यात मीठ असतं, आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं. उन्हाळ्यात कळणार नाही. पावसाळा लागला की जमिनीला घाम फुटेल, खिळे गंजतील, फळ्या कुजतील. शिवाय ओली वाळू गच्च बसते, आणि गच्च बसलेली वाळू आवाज अडवत नाही. कण न् कण मोकळा पाहिजे. आवाज त्या कणांत शिरतो, त्यांना घासत घासत फिरतो आणि तिथेच दमून मरतो. वाळूचं सगळं काम तेवढंच.

लोबोक नदीची वाळू आणा. धुवा, वाळवा, पुन्हा वाळवा. मुठीत दाबून सोडली की बोटांना एकही कण चिकटता कामा नये.

गाणी नेहमीचीच.

पिद्यो

*

कांदुलांग
१९ जुलै १९८७

प्रिय दोंग,

तुझं पत्र आमच्यापर्यंत पोचायच्या आधी पाऊस पोचला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सालुद सकाळी उठली ती ओल्या उशीवरून. वर जाऊन बघते तर नवी जमीन घामानं डबडबलेली. फळीवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट. सालुद जिन्याच्या तोंडाशी उभी होती. "मागायला आला की नाही?" एवढंच म्हणाली आणि माळ घेऊन बसली. नोय तिबू म्हणाला, "मॅम, देवानं चाळली, पण धुतली खाऱ्या पाण्यानं, त्याला मी काय करू?" दोन दिवस कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशी काही न बोलता फळ्या उपटायला लागला.

सगळी वाळू परत किनाऱ्यावर नेऊन टाकली. सालुदनं समुद्राची माफीही मागितली, मी बघत नाही असं समजून.

मग लोबोकची वाळू आली. धुतली. आता वाळवायची कुठे? पावसानं उघडीप दिली की गावातला प्रत्येक कोरडा तुकडा भातानं भरलेला असतो, हे तू विसरला नसशील. बास्केटबॉलच्या मैदानावर अर्ध्या भागात भात पसरलेलं होतं. मी दुसऱ्या अर्ध्यात वाळू पसरली. डोनिंग बाई दाताळं घेऊन अंगावर आली. "मॅम, तुम्ही वाळू खाणार आहात का?" मी म्हटलं, "नाही, माझ्या भाच्याच्या खाली अंथरणार आहे." "मेला की काय?" "मेला नाही, ओसाकात आहे." "मग तेच ते," ती म्हणाली. तिचे दोन मुलगे जेद्दाहला आहेत. नंतर तिनंच तिचं दाताळं दिलं आणि माझी वाळू पालटायला लागली, भात पालटतात तसं. संध्याकाळी आभाळ भरून आलं तेव्हा लोकांनी आधी आपलं भात उचललं आणि मग सगळे माझी वाळू उचलायला धावले. एका मुठीलाही पाऊस लागला नाही.

आता ती एवढी कोरडी आहे की ओतताना रेशमी कापड फाटल्यासारखा आवाज येतो. पुन्हा भरायला घेतलीय. तुझा रेकॉर्डर एव्हाना दुरुस्त झाला असेल, म्हणून सोबत टेप पाठवतेय. तिच्यात काय आहे ते सांगत नाही. ऐक आणि लिही.

तिया बियाना

*

ओसाका
२३ ऑगस्ट १९८७

प्रिय तिया,

वाळूची गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. डोनिंग बाईला माझा नमस्कार सांग.

टेप ऐकली. तुझा आवाज अगदी तसाच आहे, एक कण कमी झालेला नाही. खोलीतली मुलंही ऐकत होती. म्हणाली, तुझ्या तियानं निवडणुकीला उभं राहावं. मला फार बरं वाटलं.

वरच्या फळ्या बसवताना भिंतीपासून बोटभर फट सोडायला विसरू नका.

पिद्यो

*

कांदुलांग
८ नोव्हेंबर १९८७

पिद्यो,

हे पत्र मी दोन महिने लिहिलं नाही, कारण रागात लिहायचं नाही असं मी स्वतःला बजावलं होतं. राग गेलेला नाही. तेव्हा लिहिते.

त्या टेपवर माझा एक शब्द नव्हता.

त्या टेपवर सालुद गायली होती. जिनं आयुष्यात चर्चमध्येसुद्धा तोंड उघडलं नाही, ती सालुद. तू तापानं फणफणलास की ती तुला मांडीवर घेऊन ते होडीचं गाणं गुणगुणायची, ते. आठवडाभर मनाची तयारी करत होती. दार लावून घेतलं, मला बाहेर काढलं, आणि गायली. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवायला लागले आणि मध्येच थांबले. ती म्हणाली, "पुढे वाच." मी तुझ्या वाक्यांच्या जागी माझी वाक्यं घातली: पिद्यो म्हणतो, तिया सालुदचा आवाज ऐकून रडू आलं. साऱ्या हयातीत व्यासपीठावरून मी खोटं बोलले नाही. स्वयंपाकघरात बोलले, तुझ्यासाठी.

मग मी ताग्बिलारानला गेले. टेलिफोनच्या ऑफिसात बाकावर बसून राहिले, दुपारपर्यंत लाइन मिळाली नाही. मिळाली तेव्हा तिकडून कुणीतरी आपल्याच भाषेत म्हणाला, "हो, तिया, पिद्यो इथेच आहे, माझ्या शेजारीच उभा आहे." मी म्हटलं, दे त्याला. मग हातानं तोंड झाकल्यासारखी कुजबुज. मग तो मुलगा म्हणाला, "तिया, तो बाहेर गेलाय." एका क्षणात शेजारून बाहेर. त्या मुलाला खोटं बोलता येत नाही, त्याच्या आईनं त्याला नीट वाढवलंय.

मी तुला विचारते. आमची लाज वाटते का? आमच्या बोलण्याची, गिनामोसच्या आंबट मासळी वासाची, झाडूच्या दांड्याची? शेकडो मुलं अशी जाताना मी पाहिली आहेत. आधी टेप थांबते, मग गाण्यांची नावं थांबतात, मग पत्रात नुसती हवा उरते: बर्फ पडलं, बर्फ वितळलं. तुला आम्ही हाक मारतोय आणि तू कानात बोळे घालून बसलायस.

खोली झाली. मागच्या महिन्यातच झाली. नोय तिबू वर नाचला, शब्दशः नाचला, आणि खाली सालुद घोरत होती. सगळा गाव येऊन बघून गेला. ते गेल्यावर मी एकटी आत बसले आणि दार लावून मोठ्यानं बोलले, सोसायटीच्या सभेत बोलते तसं. कुणालाही ऐकू गेलं नाही. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदा झालं. फार उत्तम खोली आहे, पिद्यो. तिच्यात बसलं की कळतं, ज्याला कुणी ऐकत नाही त्याला कसं वाटतं.

ती तयार आहे. तू येणार आहेस का, एवढंच लिही. हो किंवा नाही.

बिबियाना

*

ओसाका
६ डिसेंबर १९८७

प्रिय तिया,

तुझा हात माझ्या कपाळाला. तो मागे घेऊ नकोस.

बोळे नाहीत. कानच नाहीत.

उजवा कान मागच्या वर्षीच गेला. आधी नुसती शिट्टी वाजायची, शो संपला तरी थांबायची नाही. नाताळच्या टेपवर मी ओरडत होतो तो त्यामुळे. आपला आवाज आपल्याला कमी येतोय हे मला तेव्हा कळलंही नव्हतं. जानेवारीत ताप आला, आणि तापातून उठलो तेव्हा डावाही गेलेला. डॉक्टर कागदावर लिहितात आणि मान हलवतात. ते काय लिहितात ते मला विचारायला लागत नाही. बँडमध्ये आता दुसरा मुलगा आहे, दावाओचा, चांगला वाजवतो असं त्याच्या हातांवरून दिसतं. मी हॉटेलच्या तळघरात चादरी धुतो. फोन आला तेव्हा मी खरंच शेजारी उभा होतो. फोन उचलणारा रोमेरो तोंडानं "तिया, तिया" करत होता आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरत होता. मी त्या काळ्या तुकड्याकडे बघत राहिलो. त्यात तू होतीस.

टेपचं सांगतो. मी ती लावली आणि रेकॉर्डरच्या डब्यावर तळहात ठेवला. हाताखाली काहीतरी थरथरलं, लांबवर, खोल. मला वाटलं, ही बियानाच. एवढा जोर दुसऱ्या कुणाचा असणार? ती तिया सालुद होती हे मला तुझ्या पत्रातून कळलं. तिला सांग. किंवा सांगू नकोस, तू तिला आधीच जे वाचून दाखवलंस तेच खरं आहे. मी रडलो होतो.

मग खोलीबद्दल मी का लिहीत राहिलो, असं तू विचारशील. तू वाळू, फळ्या, टायर असं लिहायला लागलीस की मला वाटायचं, मी येणारच आहे, फक्त फळ्या बसायच्या राहिल्यात. वाळू ओली निघाली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. आनंद झाला. अजून थोडे महिने मिळाले.

आता जे सांगतो ते नीट वाच, कारण ते मी कुणाला सांगितलेलं नाही. ताप उतरल्यावर एक दिवस मी त्या वाळूच्या खोलीत गेलो. ड्रम होते. बसलो आणि वाजवलं. हात हलत होते, काठ्या हलत होत्या, आणि काही नव्हतं. पायाखालची जमीन मेलेली. मी जे काही टाकत होतो ते सगळं ती गिळत होती. मी खरा बहिरा त्या खोलीत झालो, तिया, दवाखान्यात नव्हे.

तळघरात तसं नाही. तिथे लाकडी फलाट आहे, त्याच्यावर कपडे पिळायची यंत्रं. ती फिरायला लागली की फलाट बोलतो. तळव्यांतून वर येतं, गुडघ्यांपर्यंत, कधी बरगड्यांपर्यंत. एक यंत्र लंगडतं, चौथा ठोका उशिरा टाकतं. मी बूट काढून उभा राहतो आणि दोन हँगर घेऊन त्याच्याबरोबर वाजवतो. रोमेरो म्हणतो, ताल चुकत नाही. तो खोटं बोलू शकत नाही, हे तुलाही माहीत आहे.

तू एवढ्या कष्टानं बांधलेली खोली माझ्या कामाची नाही. आणि ऐकू न येणारा ढोलकरी गावाच्या काय कामाचा? मी इथेच बरा. चादरींना कान लागत नाहीत. उत्तर तुला एका शब्दात हवं होतं. नाही.

खोलीत कुणालातरी झोपू दे. छान झोप लागेल.

पिद्यो

*

कांदुलांग
२४ जानेवारी १९८८

माझ्या पिद्यो,

तुझं पत्र मी सालुदला वाचून दाखवलं. या वेळी एकही शब्द बदलला नाही. ती कोनफळ सोलत होती. ऐकता ऐकता ते तिच्या हातातून सुटून जमिनीवर पडलं. कोनफळ पडलं की उचलून त्याचा मुका घ्यायचा, रागावून निघून जातं नाहीतर. सालुदनं ते उचललंही नाही. माझ्या आठवणीत असं कधी झालेलं नाही.

नंतर एकच विचारलं, "त्याला वाटलं, तो जोर तुझा आहे?"

"हो."

"हं," ती म्हणाली. दिवसभर तिचा चेहरा रडवेला होता, पण त्या एका गोष्टीवर ती मनातून खूश होती. ते मला दिसत होतं.

संध्याकाळी तिनं कोपऱ्यातून झाडू काढला. "बियाना, वर जा. चपला काढून उभी राहा." मी गेले. थांबले. काही नाही. खिडकीतून ओरडून विचारलं, "कधी ठोकणार आहेस?" खालून उत्तर आलं, "केव्हाची ठोकतेय, हात मोडला." ती जीव खाऊन छत बडवत होती आणि वर माझ्या पायाखाली ती जमीन मढ्यासारखी पडली होती. तेव्हा तुझं पत्र मला कळलं. वाचून कळलं नव्हतं.

ती वर आली, धापा टाकत. "काढ ती वाळू."

नोय तिबूनं टोपी जमिनीवर आपटली. "मॅम, जन्मात एक काम माझ्या हातून निर्दोष झालं, ते तुम्ही मोडायला सांगता?" मी त्याला चांगलं भाषण देणार होते. सालुदनं मला बाजूला सारलं आणि त्याच्या हातात पत्र ठेवलं. तो ओटीवर बसून वाचत राहिला, एक एक शब्द बोटाखाली धरून. झोप आली नाही त्याला. मग उठला आणि पहार घेऊन वर गेला.

फळ्या निघाल्या, रबर निघालं, डांबरी कागद निघाला. वाळू आम्ही खिडकीतून अंगणात ओतली, जिन्याच्या बाजूला. अजूनही तितकीच मोकळी आणि कोरडी आहे. कोंबड्या तिच्यात आंघोळ करतात, दिवसभर पंख पसरून लोळतात. गावातल्या इतक्या हातांनी वाळवलेली वाळू आहे, कुणाला तरी सुख झालंच पाहिजे. माडाचे खांबही काढले, कारण तेही आवाज दाबत होते. उशाशी होता तो काढताना सालुदनं सांता रिताची तसबीर उतरवून पुन्हा भिंतीवर टांगली आणि म्हणाली, "बन गेलं, मी राहिले."

आता वर जुन्याच फळ्या आहेत, तुगासच्या तुळयांवर थेट, तुझ्या बिस्किटाच्या डब्यांच्या वेळच्या. मी पुन्हा अनवाणी उभी राहिले. सालुदनं खालून दांडा मारला. ठोका तळव्यांतून आला, पोटऱ्यांपर्यंत चढला, आणि मी खिडकीची चौकट धरली. इतकी वर्षं या घरात चालतेय, मला माहीत नव्हतं की ते बोलतं.

अर्धशिशीचं मी तिला विचारलं, कारण तू विचारणार. ती म्हणाली, "डोकंही माझ्याएवढंच म्हातारं झालंय. आता फार वर्षं दुखायचं नाही. वाजवू दे त्याला." तिनं खुणाही ठरवल्यात. जेवण झालं की दोन ठोके. कुणी भेटायला आलं तर एक. आणि नुसते हळू हळू पडत राहिले तर काही काम नाही, ती होडीचं गाणं म्हणतेय असं समजायचं.

आता माझं. मी जन्मभर आवाजावर जगले. तोच बोलावतो, तोच जागं करतो, न्याय मिळवायचा तर त्याच्याशिवाय दुसरं हत्यार नाही, असं मी मानत आले, आणि अजून मानते. पण तुला बोलवायला माझा आवाज उपयोगाचा नाही. ते काम सालुदच्या दांड्यानं घेतलं. मला थोडा मत्सर वाटतोय, तो गिळेन. बोळ्यांबद्दलचं वाक्य मी परत घेते. बाकीच्या पत्रातला एकही शब्द परत घेत नाही. फोनजवळ उभं राहून तू "ती तिया आहे" हे जाणत होतास आणि तरी एक वर्ष एकटा त्या चादरींत उभा राहिलास, याबद्दल मी तुझ्याशी भांडणार आहे. समोरासमोर, फळ्यावर खडूनं लिहून. फळा आणून ठेवलाय.

ऐकू न येणारा ढोलकरी गावाच्या काय कामाचा, हे तू विचारलंस. मी गावाला विचारलं नाही, कारण गावाला विचारायचा तो प्रश्नच नाही. आपल्या देशानं तुला धडधाकट पाठवलं. तू आता तिकडच्यांच्या कामाचा उरला नाहीस म्हणून ते तुला तळघरात ठेवतील, आणि तू कृतज्ञ राहशील. हे मला मान्य नाही. नारळ फुटला तर परत घेत नाहीत. माणूस परत घेतात. घर त्यासाठीच असतं.

तुझं "नाही" मी वाचलं. ते वाळूच्या खोलीला दिलेलं उत्तर होतं. ती खोली आता नाही. तेव्हा प्रश्न पुन्हा विचारते.

जिन्याच्या पहिल्या पायरीशी चपला काढ. वर अनवाणी जा आणि खोलीच्या मधोमध उभा राहा. सालुद खाली दांडा घेऊन बसलेली असेल.

तुझी,
तिया बियाना